रात्रीच्या गप्पा, पुसलेल्या फिती

१ ऑक्टोबर १९६२च्या रात्री न्यूयॉर्कमधल्या एनबीसीच्या स्टुडिओत जॉनी कार्सन पहिल्यांदा ‘द टुनाइट शो’चा यजमान म्हणून लोकांसमोर आला. त्याची ओळख करून द्यायला ग्राउचो मार्क्स होता आणि पाहुण्यांमध्ये जोन क्रॉफर्ड होती. तिशीच्या दशकातल्या विनोदी चित्रपटांचा बादशहा आणि मूकपटांच्या काळापासून पडद्यावर असलेली तारका, दोघंही एकाच रात्री. पुढची तीस वर्षं अर्धी अमेरिका ज्याला बघत झोपी गेली, त्या माणसाची ही सलामी. तिचं ध्वनिमुद्रण शिल्लक आहे, छायाचित्रं आहेत. चित्रफीत मात्र नाही.

जुन्या हॉलिवूडच्या ताऱ्यांबद्दल आणि रात्रीच्या जुन्या टॉक शोंबद्दल आज जो हळवेपणा दिसतो, त्याचा विचार करताना मला ही नसलेली फीत फार महत्त्वाची वाटते. कॅथरिन हेपबर्न, बेट डेव्हिस, जेम्स स्टुअर्ट यांच्या मुलाखतींचे तुकडे जगभर पाहिले जातात आणि बघणारा म्हणतो, काय बोलायचे हे लोक! मीही म्हणते. बोलण्याकडे कान लावून बसणं हा अनुवादकाचा धंदाच आहे. पण तौलनिक साहित्य शिकताना एक सवय लागली, ती सुटलेली नाही. समोर आलेल्या संहितेला आधी विचारायचं: तू इथवर पोचलीस कशी? आणि तुझ्याबरोबर निघालेल्या बाकीच्यांचं काय झालं?

हे तारे टीव्हीच्या सोफ्यावर पोचले कसे, याची कहाणी कोर्टातून सुरू होते. १९४८ साली अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने पॅरामाउंट आणि इतर कंपन्यांविरुद्धच्या खटल्यात निकाल दिला. चित्रपट काढायचे, वाटायचे आणि आपल्याच मालकीच्या थिएटरांत दाखवायचे, हा तिहेरी कारभार त्या निकालाने मोडीत निघाला. त्याच सुमाराला टीव्ही घरोघर शिरला. नटनट्यांना वर्षानुवर्षं करारात बांधून ठेवणं स्टुडिओंना परवडेना. मग १९५५ ते १९५८ या काळात आरकेओ, वॉर्नर, एमजीएम, पॅरामाउंट या कंपन्यांनी मुख्यतः १९४८च्या आधीचे आपले चित्रपट टीव्हीसाठी विकले किंवा भाड्याने दिले. थिएटरात ज्यांची सद्दी संपली होती, ते चित्रपट रात्री उशिरा दिवाणखान्यात लागू लागले. १९३५ साली जन्मालाही न आलेल्या मुलांना त्या सालातले चेहरे पाठ झाले.

हे चित्रपट पुन्हा पुन्हा लागत, पण त्याचा मोबदला त्यातल्या कलाकारांना मिळत नसे. १९६० साली स्क्रीन ॲक्टर्स गिल्डने संप केला, तेव्हा गिल्डचा अध्यक्ष रोनाल्ड रेगन होता. तडजोड अशी झाली, की १९६० पासूनच्या चित्रपटांना टीव्हीच्या फेरप्रक्षेपणाचा मोबदला मिळेल. आधीच्या चित्रपटांसाठी काही नाही, त्याऐवजी निवृत्तिवेतन आणि आरोग्य योजनेसाठी साडेबावीस लाख डॉलर एकरकमी. म्हणजे ज्यांच्या जुन्या चेहऱ्यांवर टीव्हीच्या रात्री चालत होत्या, त्यातल्या बहुतेकांच्या हाती त्या चेहऱ्यांचं भाडं येत नव्हतं. यजमानासमोर बसलेल्या म्हाताऱ्या नटाकडे हे लक्षात ठेवून बघितलं, की त्याच्या मिश्कीलपणाला वेगळी धार दिसते. तो आठवणी सांगायला आलेला असतो हे खरं. पण आपण अजून आहोत, हे सांगायलाही आलेला असतो.

‘द टुनाइट शो’ सुरू झाला १९५४ साली, स्टीव्ह ॲलनच्या हातून. १९५७ साली जॅक पार आला आणि गाणी-नकलांपेक्षा बोलण्याला वजन आलं. याच पारची फेब्रुवारी १९६०मधली गोष्ट प्रसिद्ध आहे. कार्यक्रम तेव्हा संध्याकाळी फितीवर घेऊन रात्री दाखवत. संडासाच्या इंग्रजी आद्याक्षरांवरचा त्याचा एक विनोद एनबीसीने त्याला न विचारता कापला. दुसऱ्या दिवशी तो कार्यक्रमाच्या मध्येच उठून निघून गेला आणि महिनाभराने परत आला. मला यात पारच्या मानापमानापेक्षा फीत जास्त दिसते. बोलणं जपून ठेवण्याची सोय ज्या यंत्राने दिली, त्याने आधी बोलणं कापण्याची सोय दिली होती.

आता त्या बोलण्याविषयी. मराठीत ‘मुलाखत’ आणि ‘गप्पा’ हे दोन वेगळे शब्द आहेत. मुलाखतीत एक विचारतो आणि दुसरा सांगतो. गप्पांना ठरलेला शेवट नसतो. टॉक शो हा दोन्हींच्या मधला प्रकार. पडद्यामागची माणसं पाहुण्याशी आधी बोलून किस्से निवडत, यजमानासमोर प्रश्नांची कार्डं असत. दिसायला गप्पा, बांधणीला मुलाखत. तरी त्यात खऱ्या गप्पांना जागा उरायची, याचं साधं कारण म्हणजे वेळ. कार्सनचा कार्यक्रम १९८० पर्यंत दीड तासाचा होता, मग तो तासावर आला. आपलं बोलून झालं की पाहुणा उठून जात नसे. सोफ्यावर सरकून बसे आणि पुढच्याचं ऐके. म्हातारी नटी, नवा विनोदवीर आणि एखादा लेखक एकाच सोफ्यावर बसलेले असत आणि एकमेकांच्या बोलण्यात तोंड घालत.

डिक कॅव्हेट हा नेब्रास्कातून आलेला माणूस. त्याने पार आणि कार्सन दोघांसाठी विनोद लिहिले होते. पुढे एबीसीवर त्याचा स्वतःचा रात्रीचा कार्यक्रम आला. मुलाखतींपासून चार हात लांब राहणारी कॅथरिन हेपबर्न १९७३ साली त्याच्या स्टुडिओत आली ती फक्त जागा बघायला. गालिच्याला नावं ठेवली, टेबल-खुर्च्या हलवायला लावल्या आणि मग म्हणाली, आत्ताच करून टाकू. प्रेक्षक नव्हते. हशा-टाळ्यांविना घेतलेली ती मुलाखत ऑक्टोबरमध्ये दोन रात्री दाखवली गेली. अनुवादकाच्या कानाने ऐकलं तर तिचं बळ विरामांत आहे. हेपबर्न वाक्य अर्ध्यावर सोडते, कॅव्हेट ते पुरं करत नाही आणि ती पुन्हा स्वतःच उचलते. प्रेक्षक असते तर त्या जागा हशाने भरल्या असत्या.

कार्सनकडचं असं उदाहरण १९८१चं. सत्तरी ओलांडलेल्या जेम्स स्टुअर्टने आपल्या मेलेल्या कुत्र्यावर स्वतः लिहिलेली कविता खिशातून काढून वाचली. सुरुवातीला लोक हसत होते. शेवटी स्टुअर्टचा आवाज दाटला आणि कार्सनने डोळे पुसले. कविता म्हणून ती साधीच आहे. पण विनोदाच्या कार्यक्रमात हसण्याकडून गप्प होण्याकडे जाण्याइतकी सवड होती, हे त्यात दिसतं.

इथवर हळव्या आठवणींचा पक्ष मला पटतो. अडचण पुढे आहे. हे सगळं आपण पाहतो, कारण ते वाचलं. कार्सनचे १९६२ ते १९७२ या न्यूयॉर्कच्या दशकातले बहुतेक भाग पुसले गेले. दोन इंच रुंदीची चित्रफीत महाग होती, ठेवायला जागा लागायची, आणि रात्री होऊन गेलेला कार्यक्रम पुन्हा कुणी बघेल असं एनबीसीला वाटत नव्हतं. त्याच फितीवर पुढचं काही घेतलं जाई. १९७२ साली कार्यक्रम कॅलिफोर्नियातल्या बरबँकला गेला आणि त्यानंतरचं बरंच काही जपलं गेलं. कार्सनच्या फिती पुढे कॅन्सस राज्यात मिठाच्या खाणीत ठेवल्या गेल्या, कारण तिथली हवा कोरडी आणि तापमान स्थिर. लोणच्याला मीठ लागतं तसं आठवणींनाही लागलं म्हणायचं. कॅव्हेटचे कार्यक्रम त्याच्याच डॅफ्नी प्रॉडक्शन्स या कंपनीच्या मालकीचे होते, म्हणून हेपबर्न आपल्यापर्यंत आली. आपण ज्याला सुवर्णकाळ म्हणतो, त्याच्या कडा मालकीहक्काने आणि फितीच्या किमतीने आखलेल्या आहेत.

या पुसण्यात काय गेलं, ते एका आठवड्यावरून कळतं. फेब्रुवारी १९६८मध्ये कार्सनच्या जागी आठवडाभर हॅरी बेलाफाँटे यजमान होता. गायक, नट आणि नागरी हक्कांच्या चळवळीतला कार्यकर्ता. एका कृष्णवर्णीय कलावंताच्या हाती देशातला रात्रीचा सर्वांत मोठा कार्यक्रम पाच रात्री होता. त्याने बोलावलेल्यांत सिडनी पॉटिए, लीना हॉर्न, पॉल न्यूमन असे पडद्यावरचे तारे होते. मार्टिन ल्यूथर किंग आणि रॉबर्ट केनेडी होते. किंग विनोदही करत होते, हसत होते. ४ एप्रिलला त्यांची हत्या झाली. जूनमध्ये केनेडींची. त्या आठवड्याचा बहुतेक भाग आज उपलब्ध नाही. किंग आणि केनेडी यांच्याशी झालेल्या बोलण्याचे अंश तेवढे हाती लागतात. २०२० साली योरुबा रिचेन यांनी ‘द सिट-इन’ हा माहितीपट केला, तेव्हा त्यांना त्या आठवड्याची बरीचशी उभारणी लोकांच्या आठवणींतून करावी लागली.

लीना हॉर्नबद्दल तर दुहेरी पुसणं झालं. एमजीएमच्या संगीतपटांत तिची गाणी कथेपासून इतकी अलग ठेवली जात, की दक्षिणेतल्या थिएटरांना ती कापून टाकता येत. ज्या आठवड्यात तिला रात्रीच्या सोफ्यावर मानाने जागा मिळाली, त्याच आठवड्याच्या फिती राखल्या गेल्या नाहीत. म्हणून ‘जुने तारे किती छान बोलायचे’ असं म्हणताना आपण त्या ताऱ्यांतल्या ठरावीक जणांबद्दल बोलत असतो, हे ध्यानात ठेवायला हवं. बाकीचेही बोलले होते.

आपल्याकडे मुंबई दूरदर्शन २ ऑक्टोबर १९७२ला सुरू झालं आणि त्याच वर्षी तबस्सुम ‘फूल खिले हैं गुलशन गुलशन’ घेऊन आली. तो १९९३ पर्यंत चालला. वेळ रात्री उशिराची नव्हती, पण नातं तेच. चाळिशीच्या दशकात बेबी तबस्सुम म्हणून पडद्यावर आलेली ती यजमानीण ताऱ्यांशी घरच्यासारखी बोलायची. ते भाग आता शोधायला गेलं तर तुकडे सापडतात, सलग मालिका नाही. माझ्या वयाच्या अनेकांची या कार्यक्रमाची आठवण म्हणूनच पाहण्याइतकीच ऐकीवही आहे.

जुलै २०२५मध्ये सीबीएसने स्टीफन कोल्बेअरचा ‘द लेट शो’ मे २०२६मध्ये बंद करण्याचं जाहीर केलं. आर्थिक कारण दिलं गेलं, राजकीय कारणाची शंका घेतली गेली, आणि लगेच कार्सन-कॅव्हेटच्या जुन्या तुकड्यांना नवा बहर आला. आजच्या कार्यक्रमांचं काही पुसलं जात नाही. पण पाच मिनिटांचा तुकडा तेवढा फिरतो आणि बाकीचं असून नसल्यासारखं राहतं. पूर्वी फितीच्या किमतीने जे केलं, ते आता आपण बोटाने करतो.

हेपबर्नची ती मुलाखत म्हणूनच सलग पाहायला हवी. गालिच्यापासून, टेबल सरकवण्यापासून, त्या न भरलेल्या विरामांसकट. आणि बेलाफाँटेच्या आठवड्याचे जे काही अंश सापडतात तेही, तुटक असले तरी. हळवं व्हायला माझी हरकत नाही. फक्त जे हाती आहे त्याच्यासाठी जितकं हळवं व्हायचं, तितकंच एनबीसीने ज्या फितींवर दुसरं काही घेतलं, त्यांच्यासाठीही व्हावं.