कोल्हापूरचा चषक आणि लाल बावटा

सरे परगण्यात, वोकिंगच्या जवळ, बिस्ली नावाचं ठिकाण आहे. दर जुलैमध्ये तिथे ब्रिटनच्या नॅशनल रायफल असोसिएशनची मोठी स्पर्धा भरते. त्यात एक सामना असतो, इंग्रजीत त्याला 'कोलापोर' म्हणतात. आठ-आठ जणांचे संघ. ३००, ५०० आणि ६०० यार्डांवरून नेम. खेळणाऱ्यांपैकी कितीजणांना हे नाव कुठून आलं हे ठाऊक असतं कोण जाणे, पण उच्चार कसाही करा, हे आपलं कोल्हापूरच. कोल्हापूरच्या राजाने दिलेल्या चषकासाठीचा हा सामना पहिल्यांदा १८७१ साली झाला.

त्याआधीच्या वर्षी, १८७० च्या उन्हाळ्यात, छत्रपती राजाराम महाराज इंग्लंडमध्ये होते. वय फक्त वीस. परतीच्या वाटेवर, ३० नोव्हेंबरला, फ्लॉरेन्समध्ये त्यांचं निधन झालं आणि आर्नो नदीच्या काठी त्यांचं दहन झालं. तिथे त्यांची छत्री आहे, शेजारच्या आधुनिक पुलालाही 'भारतीयाचा पूल' असंच नाव आहे. महाराजांच्या प्रवासावरच्या भागात आपण हे सगळं सविस्तर बोललो होतो. चषकाचा विषय मात्र तिथे दोन वाक्यांत आटोपला होता, म्हणून हा लेख. खरं सांगायचं तर हा लेख चषकापेक्षा तो ज्या मैदानावर खेळला जातो त्या मैदानाच्या नियमांबद्दल आहे. कारण त्या नियमांच्या इतिहासात आपली माणसं अनपेक्षित जागी भेटतात.

सुरुवात लाल बावट्यापासून करू. (तो नव्हे, हा वेगळा.) ब्रिटनमध्ये कुठेही रायफल रेंजवर लाल बावटा फडकत असला, की त्याचा अर्थ एकच: आत गोळीबार चालू आहे, पुढे येऊ नका. भारतातल्या छावणीच्या गावांतही हाच बावटा दिसतो. तुमच्या आजोबांना विचारा, ते रेंजला कदाचित 'चांदमारी' म्हणतील. हा बावटा आला तेव्हाची रेंज आजच्यासारखी नव्हती. १८५९ मध्ये फ्रान्सच्या आक्रमणाच्या धास्तीने इंग्लंडभर स्वयंसेवकांच्या पलटणी उभ्या राहिल्या, त्याच वर्षी नॅशनल रायफल असोसिएशन स्थापन झाली. दुकानदार, कारकून, वकील, ज्यांनी आयुष्यात बंदूक धरली नव्हती असे हजारो लोक शनिवारी रायफल घेऊन मैदानावर येऊ लागले. निशाण म्हणजे लोखंडी पत्रा. त्याच्या जवळच लोखंडी आडोशामागे किंवा खड्ड्यात एक माणूस बसायचा, त्याला मार्कर म्हणत. गोळी कुठे लागली हे तो वेगवेगळ्या रंगांच्या झेंड्यांनी कळवायचा. पत्रा पुसायला किंवा रंगवायला बाहेर यायचं असेल तर लाल झेंडा वर करायचा, आणि मगच बाहेर यायचं. म्हणजे बावटा तिथे एका ठरावीक माणसाच्या जिवासाठी होता, आणि तो माणूस बहुधा रोजंदारीवर काम करणारा असायचा.

असोसिएशनची पहिली स्पर्धा २ जुलै १८६० ला विम्बल्डन कॉमनवर झाली. उद्घाटनाची गोळी राणी व्हिक्टोरियाने झाडली. ४०० यार्डांवरून, आणि ती निशाणाच्या मध्यापासून जेमतेम सव्वा इंचावर लागली! त्यामागची गंमत अशी, की व्हिटवर्थ बनावटीची ती रायफल आधीच नेम धरून एका यांत्रिक घोडीवर घट्ट बसवलेली होती. राणीने फक्त रेशमी दोरी ओढली. मला हा प्रसंग त्या काळच्या सुरक्षिततेच्या कल्पनेचं अगदी नेमकं चित्र वाटतो. नळी कुठे वळलेली आहे आणि गोळी कुठे जाणार, एवढं पक्कं केलं की झालं. दोरी ओढणारं कोण, याला महत्त्व नाही.

कोल्हापूरचा चषक पहिली एकोणीस वर्षं याच विम्बल्डनवर खेळला गेला. तोवर लंडन पसरत पसरत मैदानाच्या कडेपर्यंत आलं होतं आणि रायफलींचा पल्लाही वाढत चालला होता. शेजारच्या जमिनीचे मालक होते ड्यूक ऑफ केंब्रिज, खुद्द सरसेनापती. नेम चुकलेल्या गोळ्या आपल्या हद्दीत येतील, ही तक्रार सरसेनापतींची असली की तिची दखल घ्यावीच लागते! १८८९ हे विम्बल्डनचं शेवटचं वर्ष, १८९० पासून स्पर्धा बिस्लीच्या माळावर आली.

बिस्लीला 'सेंच्युरी' या रेंजवर आज १०८ निशाणं एका ओळीत आहेत, ६०० यार्डांपर्यंतची. 'स्टिकलडाउन' रेंज १,२०० यार्डांपर्यंत जाते. निशाणांच्या मागे मातीचा उंच बांध, आणि बांधाच्याही पलीकडे पंख्याच्या आकाराचा लांबच लांब मोकळा पट्टा. रायफलची गोळी बांध चुकवून गेली तर तीन-चार किलोमीटर जाऊ शकते, म्हणून तो पट्टा. एकोणिसाव्या शतकातलं सुरक्षेचं सगळं शास्त्र म्हणजे हा नकाशा: इथून इतक्या अंशांत, इतक्या अंतरापर्यंत कुणी नको. ते शास्त्र चोख होतं आणि आजही रेंज आखताना तोच विचार असतो. पण त्यात एक मोकळी जागा होती.

ती कुठे होती हे पाहायला बिस्ली सोडून लंडनच्या मधोमध यावं लागेल. ९२, टॉटनहॅम कोर्ट रोड. १९०९ साली इथे 'फेअरीलँड' नावाचं करमणुकीचं दुकान होतं आणि त्यात निशाणबाजीची एक छोटी रेंज. जत्रेत फुगे फोडायचा स्टॉल असतो ना, त्याचीच जरा गंभीर आवृत्ती. पैसे द्या आणि झाडा. हेन्री स्टँटन मॉर्ली हा मालक. त्याच्याकडे तीन महिने एक भारतीय विद्यार्थी आठवड्यातून दोन-तीनदा यायचा. स्वतःचं कोल्ट पिस्तूल आणायचा, साधारण बारा गोळ्या झाडायचा आणि जायचा. १ जुलैला तो संध्याकाळी साडेपाचच्या सुमारास आला. अठरा फुटांवरून बारा गोळ्या झाडल्या, अकरा निशाणावर लागल्या. त्याच रात्री साउथ केन्सिंग्टनच्या इम्पीरियल इन्स्टिट्यूटमधल्या समारंभात त्याने सर विल्यम कर्झन वायली यांना गोळ्या घातल्या. मध्ये पडलेले पारशी डॉक्टर कावस लालकाका हेही मारले गेले. तो विद्यार्थी म्हणजे मदनलाल धिंग्रा.

धिंग्रा अमृतसरचे, पण हायगेटच्या ज्या इंडिया हाउसच्या वर्तुळात ते वावरत होते, तिथे तेव्हा सूत्रं विनायक दामोदर सावरकरांकडे होती आणि सेनापती बापटांसारखी मराठी माणसंही त्या घराशी जोडलेली होती. या सगळ्याकडे शौर्य म्हणून पाहायचं की हत्या म्हणून, यावर आपल्या घराघरांत वाद आहेत. तो वाद इथे सोडवायचा माझा इरादा नाही. मला रस आहे मॉर्लीच्या साक्षीत. ती ओल्ड बेलीच्या कामकाजात छापलेली आहे आणि वाचताना एक गोष्ट डोळ्यांत भरते. मॉर्लीला सगळं आठवतं: दिवस, वेळ, अंतर, किती गोळ्या, किती लागल्या. त्या दिवशीचं निशाणसुद्धा त्याने जपून ठेवलं आणि कोर्टात हजर केलं. गिऱ्हाईक कोण, कशासाठी सराव करतंय, हे विचारायचं मात्र त्याला काहीच कारण नव्हतं. त्याच्या रेंजवर कुठलाच नियम मोडला गेला नव्हता. गोळ्या जिथे जायला हव्यात तिथेच जात होत्या.

बरं, कायदा तरी काय विचारत होता? १८७० च्या कायद्याप्रमाणे बंदूक बाळगायला पोस्टातून दहा शिलिंगांचा परवाना घ्यायचा, आणि तो मुळात सरकारी तिजोरीसाठी होता. (हा कायदा झाला त्या उन्हाळ्यात राजाराम महाराज इंग्लंडमध्येच होते.) १९०३ च्या पिस्तूल कायद्याने थोडी भर घातली: अठरा वर्षांखालच्याला विकायचं नाही, दारू प्यायलेल्याला विकायचं नाही, बाकीच्यांनी परवाना दाखवला की काम झालं. आता याच साम्राज्याच्या दुसऱ्या टोकाला बघा. भारतात लॉर्ड लिटनच्या १८७८ च्या शस्त्र कायद्याने परवान्याशिवाय शस्त्र बाळगायला बंदी होती, आणि नियमांनी युरोपियनांना त्यातून सूट होती. राष्ट्रीय सभेने त्याविरुद्ध ठराव केले ते काही शिकारीच्या हौसेपोटी नव्हे. म्हणजे अमृतसरला किंवा पुण्याला सरकार आधी माणूस बघायचं, मग बंदूक. लंडनला बंदूकही नीट बघत नव्हतं. जे अमृतसरला जमलं नसतं, ते धिंग्रांना टॉटनहॅम कोर्ट रोडवर पैसे टाकून करता आलं.

त्याच वर्षी पोलिसांच्या कानावर आलं, की फेअरीलँडमध्ये दोन बायका पिस्तुलाचा सराव करतायत. मताधिकाराच्या चळवळीतल्या म्हणे. पंतप्रधान अ‍ॅस्क्विथ यांच्या जिवाची काळजी सुरू झाली. पुढे काही घडलं नाही. १९१४ मध्ये मात्र याच जागी एका गिऱ्हाइकाने, रेंज सांभाळणारी मुलगी आपल्याला चिडवते या रागाने, निशाणासाठी म्हणून पिस्तूल मागून घेतलं आणि तिलाच ठार केलं. कायद्याच्या विद्यार्थ्यांना हा खटला 'लेस्बिनी' नावाने माहीत असेल, 'चिथावणी' म्हणजे नक्की काय यासाठी तो शिकवतात. इथेही बांध, अंतर, निशाण सगळं ठीक होतं. धोका काउंटरच्या या बाजूला उभा होता.

माणूस तपासायला ब्रिटनने खऱ्या अर्थाने सुरुवात केली ती १९२० च्या कायद्याने: पोलिसांचं प्रमाणपत्र आणि बंदूक हवी असण्याला योग्य कारण. या कायद्याच्या आधी १९१८ मध्ये एका सरकारी समितीने अहवाल दिला होता. महायुद्धातून उरलेली शस्त्रं कुणाच्या हाती पडू नयेत, याचा विचार त्यात आहे. भीती दोघांची होती: साम्राज्याच्या कडेकोपऱ्यातले 'रानटी' टोळीवाले, आणि मोठ्या शहरांतले बाँब व पिस्तूलवाले बुद्धिजीवी असंतुष्ट. धिंग्रांचं नाव घेतलं नाही तरी त्या दुसऱ्या वर्णनात बसणारे चेहरे लंडनच्या पोलिसांना चांगले आठवत असणार, असं मला वाटतं.

यापुढचा इतिहास लोकांना जास्त माहीत आहे आणि तो फार वेदनादायक आहे. १९८७ मध्ये हंगरफर्ड. १३ मार्च १९९६ ला स्कॉटलंडमधल्या डनब्लेनच्या प्राथमिक शाळेत १६ मुलं आणि त्यांची शिक्षिका. दोन्ही वेळा मारेकऱ्याकडच्या बंदुका कायदेशीर होत्या आणि दोघांचाही क्लबांशी संबंध होता. १९९७ मध्ये जवळपास सगळी पिस्तुलं खासगी हातांतून काढून घेतली गेली. मुलं गमावलेल्या आईवडिलांनी सुरू केलेल्या मोहिमेचा त्यात मोठा वाटा होता. नेमबाज नाराज होते, अजूनही काही आहेत. ऑलिंपिकमधल्या पिस्तूल प्रकारांच्या सरावासाठी ब्रिटिश खेळाडूंना परदेशात जावं लागलं.

म्हणूनच २००२ साली एक गंमतशीर परिस्थिती झाली. मँचेस्टर राष्ट्रकुल स्पर्धेतली नेमबाजी बिस्लीला होती आणि पिस्तुलाच्या प्रकारांसाठी सरकारला खास परवानगी द्यावी लागली. रायफलला तशी अडचण नव्हती. त्या बिस्लीवर मुंबईच्या अंजली भागवतने चार सुवर्णपदकं मिळवली. त्यातलं एक, एअर रायफलच्या जोडीचं, सुमा शिरूरबरोबर. कोल्हापूरच्या नावाचा सामना जिथे शंभरहून अधिक वर्षं चालत आला, तिथे.

तुमच्यापैकी काहीजण युनिव्हर्सिटीच्या रायफल क्लबमध्ये जात असाल, किंवा कुणाच्या तरी 'गेस्ट डे'ला जाल. तेव्हा हे दोन्ही थर एकाच संध्याकाळी दिसतील. दारातच एक फॉर्म: तुम्हाला तुरुंगवास झालेला नाही, कायद्याने बंदूक हाताळायला मनाई नाही, असं लिहून सही करायची. सरकारमान्य क्लबचं पूर्ण सदस्य व्हायचं असेल तर आधी किमान तीन महिने उमेदवारी करायची. तुमचा अर्ज आला हे क्लब पोलिसांना कळवतो, आणि वर्षभर फिरकला नाहीत तर तेही कळवतो. हा थर विसाव्या शतकातला.

आत गेलात की एकोणिसावं शतक सुरू होतं. नळी कायम निशाणाकडे. हुकूम मिळेपर्यंत बोल्ट उघडा, आणि चेंबरमध्ये रंगीत प्लॅस्टिकचा छोटा झेंडा खोचलेला, म्हणजे बंदूक रिकामी आहे हे लांबूनही दिसतं. छोट्या रेंजवर कागद बदलायला लोक पुढे गेले असतील तर मागे कुणीही बंदुकीला हात लावायचा नाही, दुर्बीण नीट करायलासुद्धा नाही. हा नियम सरळ त्या आडोशामागच्या मार्करकडून आलेला आहे. गोळीबार सुरू करायचा हुकूम फक्त रेंज ऑफिसर देतो. पण काही चुकीचं दिसलं तर 'स्टॉप!' असं कुणीही ओरडू शकतं, पहिल्याच दिवशी आलेला पाहुणासुद्धा. तो शब्द ऐकला की सगळ्यांनी थांबायचं. कारण नंतर विचारायचं.

बिस्लीला जायला वॉटर्लूहून ब्रुकवुडची गाडी घ्या. जुलैमध्ये कोलापोरचा सामना कुठल्या दिवशी आहे ते आधी बघून ठेवा, कानांना लावायला काहीतरी न्या, आणि लाल बावट्याच्या अलीकडे उभे राहा.