बर्नर ते ट्रायॅक : प्रयोगशाळेतल्या आचेची गोष्ट

मंडळी, आजचा विषय आच कमी-जास्त करण्याचा. 1855 मध्ये हायडेलबर्गला बुन्सेन आणि त्यांचे यंत्रकार पीटर डेसागा यांनी बर्नर तयार केला. गॅसची चावी फिरवली की आच कमी. पण ईथर उकळायचं असेल तर उघडी ज्योत म्हणजे आगीला आमंत्रणच. म्हणून विजेची शेगडी आली, मग फ्लास्कला कुशीत घेणारं हीटिंग मँटल. आता विजेची चावी कुठून आणायची?

पहिला उपाय रिओस्टॅट. हिशोब बघा. 500 वॅटच्या मँटलशी तेवढाच रोध एकसरीत जोडला, तर मँटलला मिळतात 125 वॅट, आणि तेवढेच 125 रिओस्टॅट फुकट जाळतो. पूर्वीचे पंख्याचे खोकेवजा रेग्युलेटर तापायचे ना, ते यामुळेच. 1933 मध्ये अमेरिकेतल्या जनरल रेडिओ कंपनीने व्हेरिअ‍ॅक आणला. आपल्याकडे डिमरस्टॅट म्हणतात. वीज जवळजवळ वाया जात नाही, पण वस्तू जड आणि महाग. शिवाय तो मेन्सपासून अलग करत नाही, हे बरेच जण विसरतात.

कलाटणी आली 1957 मध्ये. जनरल इलेक्ट्रिकमध्ये गॉर्डन हॉल यांच्या गटाने थायरिस्टर बनवला, आणि काही वर्षांत दोन्ही दिशांनी वाहणारा त्याचा भाऊ ट्रायॅक आला. आपल्या विजेत सेकंदाला 100 अर्धलहरी असतात. प्रत्येकीत ट्रायॅक मुद्दाम उशिरा उघडायचा. बरोबर मध्यावर उघडला तर शक्ती निम्मी. लहर शून्यावर आली की तो आपोआप मिटतो. उशीर ठरवायला एक पोटेन्शिओमीटर, एक कपॅसिटर, एक डायॅक. बस्स! शेजारचा रेडिओ मात्र खरखरतो. खरं तर मँटलला एवढी लगबग लागत नाही. दिवा लुकलुकेल, पण मँटल सुस्त. काही सेकंद चालू, काही सेकंद बंद, हे त्याला चालतं. उघडझाप शून्यावरच केली की खरखरही नाही.

विद्यार्थी असताना आम्ही असा रेग्युलेटर स्वतः जोडला होता. फार अभिमान! एका रात्री ट्रायॅक गेला. गेला म्हणजे बंद पडला असं वाटेल; पण तो बहुधा शॉर्ट होऊन जातो, म्हणजे पूर्ण 500 वॅट चालू. सकाळी फ्लास्क कोरडा, तडकलेला. आत पाणीच होतं म्हणून निभावलं. त्याच आठवड्यात आम्ही मँटलच्या वायरीत वेगळा थर्मल कटआउट बसवला.