वाढ आलेख
वाढ आलेख : जन्मापासून पाच वर्षांपर्यंतच्या बालकाचे वजन वयानुसार नोंदवण्याचा तक्ता. डेव्हिड मॉर्ले यांनी नायजेरियात वापरलेल्या आरोग्यपत्रिकेवरून तो जगभर रूढ झाला. भारतात एकात्मिक बालविकास सेवा योजनेतून (१९७५) तो अंगणवाड्यांत आला (पहा : अंगणवाडी); जागतिक आरोग्य संघटनेची २००६ ची मानके येथे २००८ मध्ये स्वीकारली गेली. ती भारतासह सहा देशांतील बालकांच्या मापांवर बेतलेली आहेत.

मुलींचा तक्ता गुलाबी, मुलांचा निळा. आडव्या अक्षावर वय, उभ्यावर वजन. हिरवा पट्टा सामान्य, पिवळा कमी, नारिंगी अतिकमी वजनाचा. दोन वर्षांखालील मुलाची लांबी त्याला आडवे निजवून मोजतात. उभे मोजल्यास मापात ०.७ सेंमी. मिळवतात.

वजनाच्या एका बिंदूपेक्षा बिंदू जोडणाऱ्या रेषेची दिशा महत्त्वाची : ती सपाट झाली, की मूल हिरव्या पट्ट्यात असूनही आहार व आजार तपासतात. मुलाने गाठायचे उद्दिष्ट वजन शेजारच्या मुलावरून ठरत नाही; ते उंचीनुसार वजनाच्या सारणीतून काढतात. सहा महिन्यांपुढील बालकाच्या दंडाचा घेर ११.५ सेंमी.पेक्षा कमी असल्यास ते तीव्र कुपोषित गणले जाते (पहा : कुपोषण).