गोदाकाठचा गळ आणि काश्मीरचा ट्राउट

परभणीहून परळीकडे जाणारी आगगाडी पोखर्णी नृसिंह या स्थानकावर थांबते, तेव्हा उतरणारी बहुतेक मंडळी देवदर्शनासाठी आलेली असतात. त्याच वाटेने पुढे गेले म्हणजे गंगाखेड, आणि तेथे गोदावरी. या मुलखातील लोक तिला नुसते ‘गंगा’ म्हणतात. या पाण्यातील मरळ नि वाम ज्याच्या गळाला लागली आहेत, अशा एखाद्या पोखर्णीकराने हिमालयातील बर्फाच्या पाण्यात मासे धरण्याचा बेत केला, तर त्याने कोणती तयारी करावी? श्रोतेहो, प्रश्न केवळ हौसेचा दिसतो खरा. परंतु त्याचे उत्तर शोधू लागले की जुन्या काळात बरेच मागे जावे लागते.

गळाने मासे धरण्याचा शौक साहेबाबरोबर आला, अशी आपल्यापैकी पुष्कळांची समजूत आहे. ती खरी नव्हे. कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याने ११२९ च्या सुमारास ‘मानसोल्लास’ हा संस्कृत ग्रंथ रचला. ही कल्याणी म्हणजे बिदर जिल्ह्यातील बसवकल्याण, आपल्या अगदी शेजारची. भाषेच्या अभ्यासकांना हा ग्रंथ त्यातील जुन्या मराठी पदांमुळे ठाऊक आहे. पण राजाच्या करमणुकींत त्याने ‘मत्स्यविनोद’ही घातला आहे, इकडे फारसे कोणाचे लक्ष जात नाही. मासे किती जातींचे, खवल्यांचे कोणते नि बिनखवल्यांचे कोणते, कोणाला काय खावयास आवडते, हे सारे त्यात आहे. एका जागी चारा टाकून मासे आधी सोकवावयाचे आणि मग गळ टाकावयाचा, अशी ती रीत. राजाचा बेत माशाच्या पोटापासून सुरू होतो, आणि माझ्या मते तो तेथूनच सुरू व्हावयास हवा.

मात्र हे ज्ञान दक्षिणेच्या उबदार पाण्याचे. थंड पाण्याचा न्याय वेगळा. पाणी जितके गार तितका त्यात प्राणवायू अधिक विरघळतो, आणि ट्राउट हा मासा त्यावरच जगतो. दहा ते अठरा अंश उष्णतामानात तो सुखी असतो. पंचवीस अंशांच्या आसपास त्याचा जीव जातो. हिमालयाच्या पाण्यात त्याच्याखेरीज मासेच नव्हते, असे मात्र नाही. झेलमेत तेथले स्वतःचे मासे होते व आहेत, आणि काश्मिरी पंडितांच्या घरी पौषात ‘गाडबत’ म्हणून मासे-भाताचा नैवेद्यही होतो. परंतु त्या माशांतील कित्येक जाती तळच्या दगडांवरील शेवाळ खरवडून खातात. पिसांच्या कृत्रिम माशीकडे ते कशाला पाहतील! साहेबाला हवा होता तो माशीवर झेपावणारा ट्राउट. तो येथे नव्हता, म्हणून शिकारीच्या बेताआधी शिकारच आणण्याचा बेत झाला.

हे काम सोपे नव्हते. फ्रान्सिस डे या डॉक्टराने १८६३ मध्ये निलगिरीत प्रयत्न केला, तो फसला. पुढच्याच वर्षी इंग्लंडहून निघालेल्या ‘नॉरफोक’ जहाजावर टास्मानियासाठी ओल्या शेवाळात गुंडाळलेली अंडी बर्फाच्या कोठारात ठेवली होती. सुमारे तीन महिन्यांच्या प्रवासात पुष्कळ मेली, पण काही जगली आणि त्यांतून पिले निघाली. यातले मर्म असे की, दहा अंशांच्या पाण्यात ट्राउटचे अंडे सुमारे सहा आठवड्यांत फुटते; पाच अंशांत जवळजवळ दुप्पट काळ लागतो. गारठा म्हणजे प्रवासाची मुदतवाढच.

काश्मीरसाठी बेडफर्डच्या ड्यूकने दिलेली पहिली अंडी १८९९ मध्ये आली, ती सर्व नासली. १९०० मध्ये स्कॉटलंडहून दुसरी खेप आली. त्या काळी श्रीनगरची वाट बिकट होती. रावळपिंडीस रूळ सोडावयाचा आणि पुढे झेलमच्या खोऱ्यातून टांग्याने जावयाचे. तरीही ही खेप तगली. श्रीनगरात गालिच्यांचा कारखाना चालविणारे फ्रँक मिचेल यांनी ती पिले वाढविली. महाराजा प्रतापसिंहांच्या राज्यात १९०३ मध्ये मत्स्यखाते निघाले आणि मिचेलच त्याचे प्रमुख झाले. हारवनला वाढविलेला मासा हळूहळू लिद्दर, सिंध, ब्रिंगी या नद्यांत पसरला.

येथवर कथा कौतुकाची आहे. पण मासा आला तसा कायदाही आला. नदीचे टप्पे राखीव झाले. ज्या पाण्यात गावकरी पिढ्यान्‌पिढ्या जाळे टाकीत, तेथे परवाना लागू लागला. शिवाय हा पाहुणा देशी माशांचे अन्न आणि जागा दोन्ही बळकावतो, असे मत्स्यशास्त्रज्ञ सांगतात. ट्राउटच्या यशाचा हिशेब मांडताना ही बाजू क्वचितच मांडली जाते, हे मला खटकते.

असो. आपल्या पोखर्णीकराचा बेत राहिलाच. परभणीहून सचखंड एक्स्प्रेस त्याला पंजाबात नेईल. आणि जून २०२५ पासून कटऱ्याहून थेट श्रीनगरपर्यंत आगगाडी जाते, म्हणजे टांगा सुटला. हंगाम एप्रिल ते सप्टेंबर. त्यातही मे-जूनमध्ये बर्फ वितळून लिद्दर गढूळ आणि फुगलेली असते. तेव्हा कोकरनागच्या झऱ्यांचे निवळ पाणी बरे. परवाना मत्स्यखात्याकडून आधी काढावा, कारण एका टप्प्यावर मोजक्याच लोकांना जागा मिळते. लोकरीचे कपडे आणि गुडघ्यावर येणारे बूट हवेत. सोमेश्वराचा चारा आणि आपला कणकेचा गोळा मात्र घरीच ठेवावा. ट्राउटच्या राखीव पाण्यात तो चालत नाही.