दाव्का (हिब्रू क्रियाविशेषण)

दाव्का हे हिब्रू भाषेतील एक क्रियाविशेषण अव्यय असून ते ॲरेमाइक भाषेतून आले आहे. 'नेमके', 'तेच आणि तेवढेच', 'अपेक्षेच्या उलट' व 'मुद्दाम, खिजवण्यासाठी' असे त्याचे अर्थ होतात. मराठीत त्यास एकच प्रतिशब्द नाही.

व्युत्पत्ती

'बारकाईने पाहणे, काटेकोर असणे' या अर्थाच्या ॲरेमाइक धातूपासून हा शब्द बनला. ॲरेमाइक ही अनेक शतके पश्चिम आशियाची व्यवहारभाषा होती. ज्यू धर्मशास्त्राचा बॅबिलोनी तालमुद हा ग्रंथ बव्हंशी तिच्यात आहे व त्यातील वादचर्चेत 'दाव्का' ही संज्ञा वापरली जाते. वचनातील शब्द अक्षरशः घ्यावयाचा की उदाहरणादाखल, हा तेथील प्रश्न असतो. उघड्या टाकलेल्या खड्ड्यात बैल किंवा गाढव पडल्यास खड्ड्याच्या मालकाने भरपाई द्यावी, असे बायबलमधील 'निर्गम' या पुस्तकात सांगितले आहे. मग उंट पडला तर? बैल आणि गाढवच अभिप्रेत असतील तर 'दाव्का'. ती केवळ नेहमीची उदाहरणे असतील तर 'लाव दाव्का', म्हणजे 'तेच असे नाही'. (मिश्ना या ग्रंथाने येथे सर्वच जनावरे धरली आहेत.) 'कावळ्यांपासून दही राख' या सांगण्यात मांजरही येते, हे आपल्याकडील उपलक्षणाचे उदाहरण याच जातीचे आहे.

अर्थांतर

यिद्दिश भाषेत हा शब्द 'दाफ्के' झाला. बर्लिनच्या बोलीत 'आउस दाफ्के' म्हणजे 'केवळ हट्टापायी'. आधुनिक हिब्रूत 'नेमके हेच' या अर्थावरून 'इतर सर्व सोडून हेच कसे' असा नवलाचा अर्थ आला आणि त्यापुढे 'मुद्दाम वाकडे वागणे' हा अर्थ रूढ झाला. 'नेमका आजच पाऊस आला' या वाक्यातील 'नेमका' अचूकतेइतकाच वैतागही सांगतो. त्यामुळे 'दाव्का'ला तोच सर्वांत जवळचा शब्द ठरतो. सरसकट 'मुद्दाम' योजणे चुकीचे, कारण पावसाला हेतू नसतो. 'तसा चहा बरा झाला आहे' यातील 'तसा' मात्र तिसऱ्या छटेला अधिक जुळतो.

मराठी संदर्भ

मराठी मातृभाषा असलेल्या बेने इस्रायल समाजात हिब्रू ही प्रार्थनेची भाषा होती. गिरगाव चौपाटीवरील महाविद्यालयास ज्यांचे नाव आहे, त्या जॉन विल्सन यांनी १८३२ मध्ये मराठीतून हिब्रू व्याकरण प्रसिद्ध केले. वल्हांडण सणाच्या रात्री वाचली जाणारी 'हग्गादा' १८४६ मध्ये मुंबईत मराठी भाषांतरासह छापली गेली. तिच्या प्रारंभी येणारे भाकरीविषयीचे निवेदन ॲरेमाइक आहे. 'दाव्का' मात्र प्रार्थनेतला नव्हे, वादातला आणि बोलण्यातला शब्द. १९४८ नंतर इस्रायलमध्ये स्थायिक झालेल्या मराठी कुटुंबांना तो तेथील रोजच्या हिब्रूत भेटला.