संमिश्र शासन आणि बुलढाणा जिल्हा

विधिमंडळात कोणत्याही एका पक्षास स्पष्ट बहुमत न लाभल्यास दोन वा अधिक पक्ष एकत्र येऊन जे शासन स्थापन करतात, त्यास संमिश्र शासन म्हणतात. अशा शासनात मुख्यमंत्रिपद कोणाकडे जावे व ते एका नेत्याकडून दुसऱ्याकडे कसे जावे, हे मतपेटीपेक्षा पक्षापक्षांतील वाटाघाटींवर आणि पक्षांतर्गत बलाबलावर अधिक अवलंबून असते. त्याचे परिणाम जिल्हापातळीवर कसे उमटतात, हे विदर्भाच्या पश्चिम टोकास असलेल्या बुलढाणा जिल्ह्याच्या अलीकडील इतिहासात स्पष्ट दिसते.

महाराष्ट्रात १९७८ च्या निवडणुकीत २८८ पैकी जनता पक्षास ९९, काँग्रेसला ६९ व इंदिरा काँग्रेसला ६२ जागा मिळाल्या. दोन्ही काँग्रेस पक्षांनी वसंतदादा पाटील यांच्या नेतृत्वाखाली मंत्रिमंडळ बनविले. नाशिकराव तिरपुडे उपमुख्यमंत्री झाले. आपसांतील बेबनावामुळे ते सुमारे चार महिनेच टिकले. शरद पवार सहकाऱ्यांसह बाहेर पडले व १८ जुलै १९७८ रोजी पुरोगामी लोकशाही दलाचे शासन आले. केंद्राने ते फेब्रुवारी १९८० मध्ये बरखास्त केले. पक्षांतरबंदीची तरतूद त्यावेळी नव्हती. ती १९८५ मध्ये ५२ व्या घटनादुरुस्तीने झाली. १९९५ मध्ये शिवसेना-भारतीय जनता पक्ष युतीचे शासन आले. फेब्रुवारी १९९९ मध्ये मनोहर जोशी यांच्या जागी नारायण राणे मुख्यमंत्री झाले. हा बदल मात्र शिवसेनेच्या पक्षनेतृत्वाने एकहाती घडविला. मेहकरचे आमदार प्रतापराव जाधव या शासनात राज्यमंत्री होते.

बुलढाणा जिल्ह्यात विधानसभेचे सात मतदारसंघ आहेत. २०१९ मध्ये भारतीय जनता पक्षाने तीन (चिखली, खामगाव, जळगाव जामोद), शिवसेनेने दोन (बुलढाणा, मेहकर) आणि काँग्रेस (मलकापूर) व राष्ट्रवादी काँग्रेस (सिंदखेड राजा) यांनी प्रत्येकी एक जागा जिंकली. पहिले दोन पक्ष युती करून लढले होते. परंतु मुख्यमंत्रिपदावरून युती तुटली आणि २८ नोव्हेंबर २०१९ रोजी उद्धव ठाकरे यांचे महाविकास आघाडी शासन स्थापन झाले. सिंदखेड राजाचे राजेंद्र शिंगणे मंत्री व जिल्ह्याचे पालकमंत्री झाले. म्हणजे शिवसेनेचे दोन्ही आमदार निवडणुकीतील प्रतिस्पर्धी पक्षाचे सत्तेतील सहकारी ठरले.

जून २०२२ मध्ये शिवसेनेत फूट पडली. बुलढाण्याचे संजय गायकवाड व मेहकरचे संजय रायमूलकर एकनाथ शिंदे यांच्या गटात गेले. खासदार प्रतापराव जाधव यांनीही तोच मार्ग पत्करला. ३० जून २०२२ रोजी शिंदे मुख्यमंत्री झाले. सर्वोच्च न्यायालयाने ११ मे २०२३ च्या निकालात प्रतोद नेमण्याचा अधिकार विधिमंडळ पक्षाचा नसून राजकीय पक्षाचा असल्याचे सांगितले. तथापि ठाकरे यांनी बहुमताची चाचणी न देता राजीनामा दिल्यामुळे त्यांचे शासन पूर्ववत करता येत नाही, असाही निर्णय दिला. जुलै २०२३ मध्ये राष्ट्रवादी काँग्रेसही दुभंगली. शिंगणे अजित पवार यांच्याकडे गेले. अडचणीतील जिल्हा मध्यवर्ती सहकारी बँकेस शासनाचे साहाय्य मिळावे, हे त्यांनी या निर्णयाचे कारण सांगितले.

या घडामोडींची झळ पालकमंत्रिपदास विशेष लागली. जिल्हा नियोजन समितीचे अध्यक्षपद पालकमंत्र्याकडे असल्याने विकासनिधीच्या वाटपात त्याचा शब्द निर्णायक असतो. शिंगणे यांच्यानंतर हे पद गुलाबराव पाटील, दिलीप वळसे-पाटील व २०२५ मध्ये मकरंद पाटील अशा जिल्ह्याबाहेरील मंत्र्यांकडे गेले. त्याच वेळी खामगावचे आमदार आकाश फुंडकर मंत्रिमंडळात असूनही त्यांना अकोल्याचे पालकमंत्रिपद मिळाले. घटक पक्षांचा समतोल राखताना जिल्ह्याची जवळीक गौण ठरते, हे यावरून दिसते.

मतदारांना आपला कौल देण्याची संधी २०२४ मध्ये मिळाली. लोकसभेत जाधव यांनी ठाकरे गटाच्या नरेंद्र खेडेकरांचा पराभव केला. विधानसभेत मात्र एकच निर्णय घेतलेल्या दोन आमदारांना भिन्न कौल मिळाला : बुलढाण्यात गायकवाड अवघ्या ८४१ मतांनी निवडून आले, तर मेहकरमध्ये रायमूलकर ठाकरे गटाच्या सिद्धार्थ खरात यांच्याकडून पराभूत झाले. सिंदखेड राजात महायुतीचेच दोन घटक पक्ष परस्परांविरुद्ध उभे राहिले. त्यांपैकी अजित पवार गटाचे मनोज कायंदे विजयी झाले आणि शरद पवारांकडे परतलेले शिंगणे पराभूत झाले.

१९७८ व २०२२ या दोन्ही वेळी नेतृत्वबदल दोन निवडणुकांच्या मधल्या काळात, मतदारांचा कौल न घेता झाला. दरम्यान पक्षांतरबंदीची तरतूद होऊनही पक्षफूट थांबली नाही. पक्ष कोणाचा, हा प्रश्न मात्र निवडणूक आयोग, विधानसभाध्यक्ष व न्यायालय यांच्यापुढे गेला. आमदार ज्या पक्षाच्या चिन्हावर निवडून येतो, त्या पक्षास तो बांधील की मतदारसंघाच्या निकडीस, या प्रश्नाचे एकच उत्तर बुलढाण्याच्या मतदारांनी दिलेले नाही.