सव्वाशे रुपयांची मुलगी

व्हिक्टोरियन कादंबरी म्हटली की आपल्यापुढे लंडनचे धुके, यॉर्कशायरची माळराने आणि डॉर्सेटमधील गोठे उभे राहतात. परंतु राणी व्हिक्टोरियाचे राज्य काही टेम्सच्या तीरावरच संपत नव्हते. १८५८ पासून ते गोमतीच्या आणि मुळा-मुठेच्या तीरावरही होते, आणि त्या राज्यात या तीरांवरही कादंबऱ्या लिहिल्या जात होत्या. १८९९ साली, म्हणजे राणीच्या मृत्यूच्या दोनच वर्षे आधी, लखनौच्या मिर्झा मुहम्मद हादी रुसवा यांनी ‘उमराव जान अदा’ ही उर्दू कादंबरी प्रसिद्ध केली. हार्डीची ‘टेस’ १८९१ मधली. आपल्या हरिभाऊ आपट्यांची ‘पण लक्षात कोण घेतो!’ १८९० पासून ‘करमणूक’ पत्रात क्रमशः येऊ लागली. एका दशकाच्या आत, एकाच छत्राखाली, तीन भाषांतील तीन पुरुषांना एका दुःखी स्त्रीची कथा सांगावीशी वाटली. या तिघींपैकी लखनौच्या उमरावविषयी आज मुख्यतः बोलावयाचे आहे.

रुसवा हे मोठे विलक्षण गृहस्थ होते. रुरकीस अभियांत्रिकीचे शिक्षण, काही काळ रेल्वेत नोकरी, रसायनशास्त्राचा छंद, ज्योतिषाचा अभ्यास, आणि या सर्वांच्या जोडीला शायरी! अशा मनुष्याने लिहिलेल्या कादंबरीत हिशेबीपणा असावा हे स्वाभाविकच होय. कथेची सुरुवात चौकातील एका घरच्या मुशायऱ्याने होते. शेजारच्या खोलीतून एका स्त्रीची दाद ऐकू येते; ती दाद इतकी मार्मिक असते की मंडळी तिला आत बोलावतात. तीच उमराव. पुढची सारी कथा ती रुसवांना सांगते आणि ते लिहून घेतात. उमराव खरी होती की कल्पित, हा वाद लखनौमध्ये अद्याप मिटलेला नाही, आणि तो मिटावा अशी कोणाची फारशी इच्छाही दिसत नाही.

तिचे मूळ नाव अमीरन. बाप फैजाबादेस बहू बेगमेच्या मकबऱ्यावर जमादार. घर साधे पण खाऊनपिऊन सुखी. नवव्या वर्षीच सोयरीक झालेली. बापाने पूर्वी शेजारच्या दिलावरखान नावाच्या गुंडाविरुद्ध खरी साक्ष दिली होती. त्याचा सूड म्हणून दिलावरखान मुलीला पळवतो आणि लखनौस नेऊन खानम नावाच्या कोठीवालीला सव्वाशे रुपयांना विकतो. लक्षात घ्या, बापाचा अपराध एवढाच की तो खरे बोलला. याच वेळी रामदेई नावाची आणखी एक पळवलेली मुलगी विकली जाते. पण ती जाते एका बड्या घराण्याच्या बेगमेकडे. पुष्कळ वर्षांनी कानपुरास उमरावची तिच्याशी गाठ पडते. रामदेई आता नवाबाची पत्नी आहे, आणि तो नवाब म्हणजे एके काळी उमराववर जीव टाकणारा नवाब सुलतान!

येथे कोणीही नशिबाचे नाव घेईल, आणि ते घेऊ नये असे मला म्हणावयाचे नाही. दोन मुलींपैकी कोणती कोणत्या दारात जाईल याला दुसरे नाव काय द्यावे? पण मुलींचा बाजार मुळात होता, त्यात भाव ठरलेले होते आणि गिऱ्हाइके प्रतिष्ठित होती, हे काही विधात्याने कपाळी लिहिलेले नव्हते. फासा कसा पडला ते दैव. पट मात्र माणसांनीच मांडलेला होता.

हार्डीच्या टेसकडे या दृष्टीने पाहावे. हार्डीला नियतीचा मोठा सोस; अपघात, योगायोग, न पोहोचलेले पत्र, सारे टेसच्या विरुद्ध कट करून उठल्यासारखे. परंतु टेस शेवटी आपला सर्वनाश करणाऱ्या ॲलेककडे परत का जाते? बाप मरतो, आणि त्यांच्या घराचा करार बापाच्या हयातीपुरताच असल्यामुळे आई व धाकटी भावंडे रस्त्यावर येतात. म्हणजे नियतीच्या हातात एक भाडेपट्टा आहे! हार्डी तो भाडेपट्टा प्रामाणिकपणे दाखवतो आणि मग पुन्हा आकाशाकडे बोट करतो. मला त्याची ही सवय कधीच पटलेली नाही, जरी त्याच्या करुणेपुढे मी नतमस्तक आहे.

हरिभाऊंची यमू तर आपल्या घरातलीच. तिचा नवरा भला निघतो. तिची मैत्रीण दुर्गी हिच्या वाट्याला मात्र दुर्वर्तनी नवरा येतो. पुन्हा तोच फासा. पण भला नवरा अकाली गेला की यमूचे सारे भाग्य एका दिवसात परक्याच्या हाती जाते, आणि शंकरमामंजी तिचे केशवपन करवितात. पुनर्विवाहाला कायद्याची मोकळीक १८५६ मध्येच मिळाली होती. पण त्याच कायद्याने पुनर्विवाह करणाऱ्या विधवेचा पहिल्या पतीच्या मालमत्तेवरील हक्क काढून घेतला होता. एका हाताने दिले, दुसऱ्याने घेतले.

याच १८५६ साली फेब्रुवारीत इंग्रजांनी अवध खालसा केले आणि वाजिद अली शाह कलकत्त्यास मटियाबुर्जला गेला. मागे राहिलेल्या बेगम हजरत महल हिने १८५७ च्या उठावात मुलाला, बिर्जिस कद्रला, गादीवर बसवून लढाई चालविली. ही बेगम कोण? बादशहाच्या परीखान्यात नृत्यगायन शिकण्यास आणलेली एक सामान्य घरची मुलगी. उमराव आणि तिच्यात अंतर किती, याचा विचार मनात आल्याशिवाय राहत नाही.

उठाव मोडल्यावर लखनौच्या तवायफांचे काय झाले, हे इतिहासकार वीणा तलवार ओल्डेनबर्ग यांनी दप्तरांतून शोधून काढले. १८५८ ते १८७७ या काळातील नगरपालिकेच्या करवह्या चाळताना त्यांना सर्वांत वरच्या उत्पन्नगटात गाणाऱ्या-नाचणाऱ्या स्त्रियांची नावे आढळली. उठावातील सहभागाबद्दल जप्त झालेल्या मालमत्तांच्या याद्यांतही त्या होत्या. म्हणजे या स्त्रियांजवळ घरे होती, बागा होत्या, स्वतःचे नाव होते. टेस आणि यमू यांच्याजवळ यांतले काहीच नव्हते. पण नव्या राज्याच्या लेखी कलावंतीण आणि छावणीतील वेश्या यांत भेद उरला नाही. गोऱ्या सैनिकांना रोग होऊ नयेत म्हणून १८६० नंतरच्या दशकात स्त्रियांची नोंदणी व तपासणी सक्तीची करणारे कायदे इंग्लंडात आणि हिंदुस्थानात दोन्हीकडे झाले. तिकडे जोसेफिन बटलर यांनी त्याविरुद्ध रान उठवले, आणि १८८६ मध्ये ते तेथे रद्द झाले. येथे १८८८ मध्ये. सैनिकाच्या तपासणीचा आग्रह मात्र कायद्याने कोठेच धरला नव्हता.

उमरावचा खरा शोकप्रसंग लखनौमध्ये घडत नाही. उठावाच्या धामधुमीत ती फैजाबादेस पोहोचते. एका मुजऱ्यासाठी बोलावणे येते, आणि ती जाऊन पाहते तो समोर आपलेच घर, तेच चिंचेचे झाड! आई ओळखते, दोघी रडतात. दुसऱ्या दिवशी भाऊ सुरी घेऊन येतो. तो मारीत नाही. तिने मरून जायला हवे होते, एवढे सांगतो आणि स्वतःही रडतो. ज्या दिलावरखानाने तिला विकले त्याच्यावर भावाची सुरी उगारलेली आपल्याला दिसत नाही. यमूच्या शंकरमामंजींप्रमाणे हा भाऊ दुष्ट नाही, म्हणूनच हा प्रसंग अधिक असह्य होतो. आपले पूर्वायुष्य सांगून टाकून टेसकडून क्षमा मिळवणारा, आणि तिने स्वतःचे सांगताच दगड होणारा एंजल क्लेअर, हा या भावाचाच चुलतभाऊ म्हणावा लागेल.

तथापि रुसवांनी एक गोष्ट अशी केली की जी इतर दोघांनी केली नाही. हार्डीने टेसला फाशी दिले. हरिभाऊंनी यमूला दुःखातच संपवले. रुसवांनी उमरावला म्हातारी होऊ दिले. ती वाचते, लिहिते, शेर रचते, आपल्या आयुष्याकडे थोड्या मिश्किलपणे पाहते आणि कोणाची दया मागत नाही. १९८१ साली मुजफ्फर अली यांनी या कथेवर चित्रपट काढला. आशा भोसले यांच्या आवाजाने त्यातील गझला घरोघरी पोहोचल्या. सौंदर्य पोहोचले, पण म्हातारपणीची ती चतुर उमराव वाटेतच कोठे तरी राहून गेली.

वाजिद अली शाहच्या परीखान्याची इमारत कैसरबागेत अजून उभी आहे. १९२६ मध्ये आपल्या विष्णु नारायण भातखंडे यांच्या प्रेरणेने लखनौस जे संगीत महाविद्यालय निघाले, ते पुढे याच इमारतीत आले. फैजाबादेहून आलेली अख्तरीबाई १९४५ मध्ये लखनौच्या एका बॅरिस्टरशी विवाहबद्ध झाली, आणि काही वर्षे तिचे गाणे बंद राहिले. १९४९ मध्ये ती लखनौच्या आकाशवाणी केंद्रावर पुन्हा गायली. आपण तिला बेगम अख्तर म्हणून ओळखतो. भातखंड्यांच्या त्या विद्यालयात तिने पुढे गाणेही शिकविले.